शुक्रवारचा आकडा

भिवंडी,
मंगळवार, १६ जुलै १९९१

चि. माधवी,

आणि रक्तदाबाचा पट्टा फुगवून डॉक्टर मला विसरले. बाहेर एका लूमवाल्याचं बोट शटलने फोडलं होतं. तो आरडाओरडा करत आत आला, रामनाथ डॉक्टर त्याच्याकडे धावले आणि मी दंड आवळलेल्या अवस्थेत खुर्चीवर. हात आधी लाल झाला, मग जांभळा. हवा सोडायचा स्क्रू कुठे असतो ते मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या उपकरणाला हात लावू नये हे मीच जन्मभर वर्गात सांगत आलो. बसून राहिलो.

परत आल्यावर त्यांनी दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे शहात्तर, खालचा शहाण्णव. बोट फुटलं त्याचं, चढला माझा.

म्हणजे डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा लांबलं. कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची एकच अट आहे : वरचा आकडा दीडशेच्या खाली आणा, रामनाथ डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग मोतीबिंदू काढतो. दोन तारखा गेल्या. आता डाव्या डोळ्याला कॅरमची राणी आणि काळी सोंगटी सारखीच दिसते. सावळाराम त्याचा फायदा घेतो. हा आमच्या शाळेचा शिपाई, माझ्याबरोबरच निवृत्त झाला. कॅरमवर मात्र मुख्याध्यापक असतो.

डॉक्टरांनी गोळी वाढवली आहे. ती लघवीची गोळी. घेतली की डाव अर्धा टाकून उठावं लागतं, आणि परत येईपर्यंत सोंगट्यांनी जागा बदललेल्या असतात.

दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांची नवीन शेड उभी राहतेय. विटांची धूळ औषधाच्या बाटल्यांवर बसते. शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे सगळी भिवंडी त्या दिवशी दवाखान्यात असते. म्हणून मी मंगळवार धरतो.

तू म्हैसूरला दुधातून रक्तदाब उतरवणारं काही घडवते आहेस असं तुझ्या आईने लिहिलं होतं. घडवून झालं असेल तर शेरभर पाठव.

तात्या

*

म्हैसूर,
२५ जुलै १९९१

ती. तात्या यांस सा. न.

घडवून झालेलं नाही. पण तुमच्यासाठी काम आहे.

आधी काम काय ते सांगते. दुधातलं प्रथिन ही मण्यांची लांबच लांब माळ. तिला योग्य कात्री लावली, म्हणजे तुमच्या पुस्तकातलं विकर, की तिचे दोन-तीन मण्यांचे तुकडे पडतात. ही पेप्टाइडं. आपल्या शरीरातही एक विकर असतं. ते एका साखळीचं टोक कापतं आणि त्या कापलेल्या साखळीमुळे रक्तवाहिन्या आवळतात. आमचा तुकडा त्या विकराच्या तोंडात जाऊन बसायला हवा, असा की त्याला तो धड चावताही येऊ नये. कोणते मणी कोणत्या क्रमाने ठेवले तर तुकडा घट्ट बसेल, ते आम्ही आधी कागदावर मांडतो. मग दुधातून नेमका तोच तुकडा काढणारी कात्री शोधतो.

कल्पना आमची नाही. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषात असे तुकडे पहिल्यांदा सापडले, त्यावरून गोळ्या निघाल्या. आता जपानी लोक तेच दुधात आणि माशांत शोधतात. आम्ही ताकात शोधतो.

अडचण चवीची आहे. शेवटी प्रोलीन नावाचा मणी असला की तुकडा सुरेख बसतो, आणि असले तुकडेच कडू लागतात. इथले चव घेणारे फार सभ्य आहेत. काहीही पुढे ठेवलं तरी ‘चेन्नागिदे’, छान आहे, म्हणतात आणि निघून जातात. तेव्हा मला तुम्ही आठवलात. नीलाताईच्या लग्नात भर पंगतीत उठून आचाऱ्याला ‘जायफळ मागच्या वर्षीचं आहे’ असं सांगणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या.

क, ख, ग अशा पुड्या पाठवतेय. ताकात कालवा, घोट तोंडात घोळवा, थुंका, चूळ भरा, काय वाटलं ते लिहा. हे औषध नाही. परीक्षानळीच्या बाहेर त्याने अजून काहीच करून दाखवलेलं नाही, उंदरांपर्यंतही पोचलेलं नाही. तुमची गोळी चालू ठेवा.

माधवी

*

भिवंडी,
नागपंचमी, १४ ऑगस्ट १९९१

चि. माधवी,

उंदरांच्या आधी माझा नंबर लावलास, आभारी आहे.

तुझं पत्र तुझ्या काकूला, सरलाला, वाचून दाखवलं. ती सापापर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, “आजच्या दिवशी आपण नागाला दूध दाखवतो. ही पोरगी दुधातून नाग काढते?” पुड्या देवघराच्या खणात ठेवायला तिने नकार दिला. आता त्या कॅरमच्या पावडरच्या डब्याशेजारी आहेत.

निकाल.

क : कडू नाही. काहीच नाही. उपासाला बोलावून वाढायला विसरलेल्या घरासारखी चव.

ख : कडू, पण उशिरा. आधी गोड बोलतो, जिन्यापर्यंत पोचवायला येतो आणि तिथे मनातलं सांगतो.

ग : जुन्या कुलपाची किल्ली चाटल्यासारखं. कारल्याचा कडूपणा जिभेवर असतो, मेथीचा टाळूवर. हा कानामागे जातो.

मी पक्षपाती असेन म्हणून धुणंभांडी करणाऱ्या रंगूबाईलाही ग दिला. ती अंजूरहून येते आणि कोणाची भीड ठेवत नाही. घोट घेतला, पदर तोंडाला लावला. “मास्तर, ह्ये ताक हाय का वखद?” मी म्हटलं, ताक की औषध ते अजून ठरायचंय. तर म्हणाली, “ठरवा बाबा लवकर. आन् माझ्या भांड्यात न्हाय टाकायचं.” तिचं मत नोंदव.

तुझी कात्री आणि माळ मला भिवंडीच्या भाषेत समजली. ते रक्तवाहिन्या आवळणारं विकर म्हणजे लूम. तुझा तुकडा म्हणजे शटलच्या वाटेत खोचलेली काडी. काडी नीट बसली की लूम बंद. बरोबर ना?

ग अजून थोडा पाठव. चव पूर्ण कळली नाही.

श्रावण असल्यामुळे घरात मासळी नाही. माझ्या जिभेला सध्या दुसरं काम नाही, याचा फायदा घे.

तात्या

*

म्हैसूर,
२६ ऑगस्ट १९९१

ती. तात्या यांस सा. न.

तुमची ‘किल्ली’ मी बैठकीत वाचून दाखवली. भाषांतर करताना घाम फुटला. पण मॅडम हसल्या, आणि त्या फार हसत नाहीत. मग म्हणाल्या, कडूपणा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आपल्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ‘कानामागे’ हा शब्द आता आमच्या फळ्यावर आहे.

काडीचं उदाहरण अगदी बरोबर. मीही आता तेच देते. इथे लूम कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे आधी लूम समजावावा लागतो.

ग मध्ये पुढचे मणी बदलून पाहिले आहेत. शेवटचा प्रोलीन हलवता येत नाही. हलवला की चव सुधारते आणि काम बिघडतं. नवा ग पाठवतेय. मोठी पुडी आहे, कारण तुम्ही मागितलीत. एक घोट चाखायला इतकं कशाला लागतं ते मला कळलं नाही.

तात्या, थुंकता ना?

माधवी

*

भिवंडी,
मंगळवार, १० सप्टेंबर १९९१

चि. माधवी,

बस, आणि मग पुढे वाच. एकशे अठ्ठेचाळीस.

मी थुंकत नव्हतो. पानात आलेलं टाकू नये असे आमचे संस्कार, आणि चूळ भरून अंगणात पिचकाऱ्या मारायला मी काही पान खाणारा नाही. तुझा ग रोज सकाळी वाटीभर ताकातून घेतला. आज रामनाथ डॉक्टरांकडे गेलो. काय दृश्य होतं! मागची शेड गेल्या आठवड्यात सुरू झाली. मालकाने दवाखान्यात सगळ्यांना पेढे वाटले. आता भिंत थरथरते, फळीवरच्या बाटल्या हळूहळू चालत कडेला येतात आणि कंपाउंडर त्यांना परत ढकलतो. डॉक्टरांनी नळ्या कानात घालून डोळे मिटले, देवळात बसल्यासारखे. मी ओरडून विचारलं, “किती?” त्यांनी ओरडून सांगितलं, “एकशे अठ्ठेचाळीस!” बाहेरच्या बाकावरच्या लोकांनाही कळलं.

खालचा आकडा एकशे चार आहे. डॉक्टर म्हणाले, “तो जरा उद्धट आहे, पण वरचा वळला की खालचा वळतोच.” चिठ्ठी दिली. मी तसाच रिक्षाने कोन गावावरून कल्याणला गेलो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, सोमवारी सात ऑक्टोबरला या. तो पितृपंधरवडा आहे, त्या दिवसांत कोणी डोळा कापून घ्यायला तयार नसतं, म्हणून नंबर लगेच लागला. सरला रागावली आहे. पितरांनी माझ्या वर्गात विज्ञान घेतलं नव्हतं, असं मी तिला सांगितलं.

तुझ्या मॅडमना कळव. उंदीर नकोत. माणूस मिळाला आहे.

तात्या

*

भिवंडी,
१८ सप्टेंबर १९९१

चि. माधवीस आशीर्वाद.

गौरी गेल्या, आता हात मोकळा झाला, म्हणून लिहिते. मी लिहिलंय हे ह्यांना माहीत नाही.

परवा सावळाराम आला. कॅरमवर पावडर टाकायला त्याने डबा उपडा केला, तर पावडरीबरोबर गोळ्या पडल्या. ह्यांच्याच, रक्तदाबाच्या. सावळारामने एक उचलून बघितली आणि म्हणाला, “सर, ही सोंगटी कोणाची?” हे सोंगट्या मांडायला लागले.

तुझी पहिली पुडी आली तेव्हापासून गोळी बंद आहे. मी विचारलं, का? तर मला शिकवायला लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते म्हणे. गोळी आणि ताक दोन्ही चालू ठेवलं तर श्रेय कोणाला द्यायचं? “पोरीचं काम आहे, त्यात भेसळ नको.” मग फेकल्या का नाहीत? तर औषध फेकणं पाप. डब्यात ठेवलं की ते पाप नाही.

तू कडूपणासाठी कष्ट घेतेस म्हणून सांगते. ते त्या ताकात लोणच्याच्या बरणीतलं खारट पाणी घालून पितात. चांगलं पळीभर.

सकाळी डोकं धरून बसतात. विचारलं तर म्हणतात ऊन लागलं. भाद्रपदात, घरात.

मला तुझ्या मण्यांतलं काही कळत नाही. पण गोळी बंद, वर मीठ, आणि आकडा खाली, हे माझ्या स्वयंपाकघराच्या हिशेबातही बसत नाही. सोमवारी सात तारखेला ते टेबलावर झोपणार आहेत. काय ते लवकर कळव.

सरलाकाकू

*

तार
म्हैसूर, २५ सप्टेंबर १९९१

ऑपरेशन थांबवा. गोळी घ्या. शुक्रवारी लूम बंद असताना रक्तदाब मोजा. पत्र येते आहे. माधवी

*

म्हैसूर,
२५ सप्टेंबर १९९१

ती. तात्या यांस सा. न.

तुमच्यावर रागावले आहे. ते शेवटी लिहीन.

तुमचं एकशे अठ्ठेचाळीस आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत सगळ्यांना म्हैसूरपाक दिला. मॅडमनी तो हातात धरला आणि विचारलं, खालचा आकडा किती? मी सांगितलं. त्यांनी म्हैसूरपाक खाली ठेवला. म्हणाल्या, वरचा एवढा उतरला आणि खालचा चढला. हा आपल्या तुकड्याचा गुण दिसत नाही. आधी माप तपासा.

मग काकूंचं पत्र आलं. मी तुमचं पत्र पुन्हा काढलं, आणि उत्तर तुम्हीच लिहून पाठवलेलं होतं. फळीवर चालणाऱ्या बाटल्या.

पट्टा फुगवला की रक्त अडतं. हवा सोडत गेलं की पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. ठोके ऐकू यायचे थांबतात, तो खालचा. पहिले ठोके अगदी हलके असतात, शेवटचेही. मधले जोरात. भिंतीमागे लूम धडधडत असतील तर हलके ठोके बुडतात. डॉक्टरांना पहिला ठोका उशिरा ऐकू आला, तोवर पारा उतरला होता. शेवटचे ऐकूच आले नाहीत, म्हणून त्यांनी लवकर थांबवलं. वरचा आकडा खाली आला, खालचा वर गेला. तुमचा रक्तदाब होता तिथेच असेल, कदाचित त्याहून वर. माझ्या ग ने काही केलं की नाही, हे या आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही.

आठवीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं : एका वेळी एकच गोष्ट बदला. मी तिसऱ्या बाकावर होते. तुम्ही किती बदलल्यात ते पाहा. गोळी बंद केलीत. ग चालू केलात. लोणच्याचं पाणी घातलंत. आणि दवाखान्याची भिंत बदलली, ती तुम्हाला न विचारता.

आता राग. श्रेय मला नको होतं. मला तुम्ही दोन्ही डोळ्यांनी राणी बघायला हवे आहात. भेसळ चालेल.

माधवी

*

भिवंडी,
शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९९१

चि. माधवी,

तुझी तार गुरुवारी आली. दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता, पण मी गेलो नाही. तारवाल्यासमोर सरलाने ती मोठ्याने वाचली, शेजाऱ्यांनी विचारलं कोण गेलं, आणि मी ठरवलं की विद्यार्थिनीच्या तारेवर आपण हलायचं नाही. मंगळवारी पत्र आलं. ते मी वाचलं. मग उजव्या डोळ्याने पुन्हा वाचलं. ‘तिसऱ्या बाकावर’ हे तू मुद्दाम लिहिलंस.

आज सकाळी सरला चप्पल घालून दारात उभी होती. मीही घातली.

दवाखान्यात बाहेर रस्त्यापर्यंत रांग. त्यात तो जुलैतला बोटवाला होता. बोट अजून वाकडंच आहे. त्याने मला ओळखलं. “मास्टरजी, आप आगे आओ. उस दिन मेरी वजह से आपका हाथ काला हुआ था.” मी नको म्हटलं. सरला म्हणाली, “जा.” गेलो.

आत इतकी शांतता होती की मला ती खोली ओळखता येईना. पंखा कुरकुरतो हे आज कळलं. बाटल्या जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, तुम्ही शुक्रवारी?” मी तुझं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, आणि मला वाटलं आता चिडतील. “चाळीस वर्षं ठोके ऐकतोय,” असं ते म्हणालेच. मग पट्टा बांधला.

एकशे अठ्ठ्याऐंशी. खालचा शंभर.

त्यांनी पुन्हा मोजला. दुसऱ्या दंडावर मोजला. मग कानातल्या नळ्या काढून उठले आणि मागच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. शेवटी म्हणाले, “मास्तर, शेड सुरू झाल्यापासून या खुर्चीवर किती जणांना मी ‘छान आहे’ म्हणालो असेन?”

सरला म्हणाली, “आज शुक्रवार आहे. सगळे बाहेरच आहेत.”

तेव्हा डॉक्टर दारात गेले आणि रांगेला ओरडून सांगितलं की ज्यांचा रक्तदाब गेल्या महिन्यात मोजलाय त्यांनी आधी आत या, फुकट. अर्धी रांग हलली. यापुढे ते इतर दिवशी वर, त्यांच्या स्वयंपाकघरात मोजणार आहेत. त्यांच्या बायकोला अजून सांगितलेलं नाही.

कल्याणला त्यांनीच फोन केला. सोमवार रद्द. गोळी पुन्हा सुरू, मीठ बंद, दिवाळीनंतर पुन्हा एका शुक्रवारी आकडा, मग तारीख. डोळ्यांचे डॉक्टर फोनवर काय म्हणाले ते रामनाथ डॉक्टरांनी मला सांगितलं नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी मागितलं. घरी येताना रस्त्यात सरला माझ्या डाव्या बाजूने चालली. ती नेहमी उजवीकडून चालते.

माझ्यामुळे तुझा म्हैसूरपाक वाया गेला. तुझ्या ग बद्दल मला आता एवढंच म्हणता येतं : कडू आहे. बाकी उंदरांना विचार. माझा नंबर त्यांच्यानंतर ठेव, पण ठेव. चव बघायला मी आहेच. यापुढे थुंकेन. रंगूबाईला अंगण धुवायला लागेल, तिला तू समजाव.

हे पत्र उद्या टाकतो. आजची टपालपेटी उघडून झाली.

शनिवार, सकाळ. गोळी घेतली. सरलाने जीभ वर करायला लावून खाली पाहिलं. सावळाराम आला. पहिल्या डावात मी दोनदा उठलो. राणी त्याने घेतली.

तात्या